डास पाळणारी माणसं

डेंग्यूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या खरेदीच्या यादीत कुत्र्यांची बिस्किटं सापडली तर नवल वाटायला नको. ऑडिटला आलेला माणूस पहिल्यांदा जरा चमकतो, एवढंच. ही बिस्किटं कुटून, चाळून, यीस्टच्या पावडरीत मिसळली की एडिस डासाच्या अळ्यांचं खाणं तयार होतं. अळ्या नीट वाढल्या नाहीत तर पुढचं सगळं संशोधन अडून बसतं.

विषाणूशास्त्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे महागडी यंत्रं आणि संगणकावरचे आलेख येतात. डासांतून पसरणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत मात्र कामाचा मोठा हिस्सा निव्वळ पाळणुकीचा असतो. विषाणू आपला आपण वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. म्हणजे तो हाती लागायचा तर आधी आपल्याला काहीतरी जिवंत ठेवता आलं पाहिजे: डास, उंदराचं पिल्लू, नाहीतर बाटलीतल्या पेशी. हे ज्याला जमत नाही त्याच्याकडे विषाणू आला तरी कळत नाही.

एडिस इजिप्तायची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या भिंतीवर घालते. म्हणून पिंजऱ्यातल्या वाटीला आतून फिल्टर पेपरची पट्टी लावून ठेवतात आणि रक्त पाजल्यावर तीन-चार दिवसांत ती पट्टी काळ्या ठिपक्यांनी भरते. नवशिके इथेच चुकतात. पट्टी बाहेर काढली की लगेच वाळवतात. अंड्याच्या आत जीव आकाराला यायला दोनेक दिवस ओलावा हवा असतो. घाईने वाळवली की अंडी पिचकतात, मग कितीही भिजवा, फुटत नाहीत. सावकाश सुकवलेली पट्टी दमट डब्यात ठेवली तर महिनोन्महिने टिकते. कोरडा दिवस पाळताना हौद नुसता रिकामा करून भागत नाही, भिंती घासून काढा असं आरोग्य कर्मचारी सांगतात, ते यासाठीच. रिकाम्या हौदाच्या भिंतीला चिकटलेली अंडी पुन्हा पाणी भरण्याची वाट बघत असतात.

अंडी फोडायची तर पाणी उकळून गार केलेलं घ्यावं. उकळल्याने पाण्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि ही कमतरताच एडिसच्या अंड्यांना फुटण्याचा इशारा असते. नळाचं ताजं पाणी घेतलं तर त्यातलं क्लोरीन अळ्यांना बाधतंच, शिवाय अंडी आज थोडी, उद्या थोडी अशी फुटत राहतात आणि एकाच ट्रेमध्ये चार वयांच्या अळ्या जमतात. मग प्रयोगाच्या दिवशी एकाच वयाच्या माद्या कुठून आणायच्या? लिटरभर पाण्याला 200 च्या आसपास अळ्या पुरेत. खाणं रोज चिमूटभर, आणि ते वाढवायचं ते अळ्यांच्या वाढीकडे बघून. जास्त पडलं की दुसऱ्या दिवशी पाण्यावर पांढुरका तवंग धरतो. अळी शेपटीकडच्या नळीने पृष्ठभागावर येऊन श्वास घेते, ती नळी तवंगात अडकते आणि सकाळी सगळा ट्रे मेलेला दिसतो. कमी पडलं तर अळ्या जगतात, पण डास खुरटे निघतात, रक्त कमी पितात आणि विषाणू स्वीकारण्याची त्यांची क्षमताही बदलते. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा लोक विषाणूच्या जातीत फरक शोधायला लागतात. मी असतो तर आधी बिस्किटाचा डबा बघितला असता.

27 ते 28 अंश तापमानात पाच-सात दिवसांत अळीचा कोष होतो, पुढच्या दोन दिवसांत डास. लहान कोषांतून नर निघतात आणि ते आधी निघतात, त्यामुळे निवडीचं काम सोपं होतं. पिंजऱ्यात 10 टक्के साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, हवेत 70 ते 80 टक्के आर्द्रता, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. बोळा रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. खरा शत्रू म्हणजे मुंग्या. साखर आणि अंडी दोन्ही एका जागी म्हटल्यावर त्या येणारच. पिंजऱ्याच्या घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात आणि त्या पाण्यात दोन थेंब तेल सोडतात, नाहीतर कीटकगृहातल्या त्याच वाट्यांत डास व्हायचे.

आता रक्त. पूर्वी कोंबडी किंवा उंदीर पिंजऱ्यात ठेवत, आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पडदा वापरतात. काचेच्या भांड्याच्या तळाला ताणलेला पडदा, वर रक्त, भोवती 37 अंशांचं पाणी खेळतं. मादीला आदल्या रात्रीपासून साखर द्यायची नाही, म्हणजे ती भुकेली असते. प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या वाढलेल्या माद्या पडद्यावर लगेच बसतात. गावातून आणलेल्या माद्यांच्या पहिल्या पिढीला तो प्रकार पटत नाही, आणि शंभरातल्या वीस-पंचवीसच प्यायल्या तरी धन्य मानावं लागतं. तरीही गावच्याच हव्यात. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेली वसाहत सोयीची असते, पण ती दौंडच्या किंवा नागपूरच्या डासाबद्दल फारसं सांगत नाही. या रक्तात विषाणू मिसळायचा असेल तर तो शक्यतो त्याच दिवशी बाटलीतून काढलेला घ्यावा. गोठवून वितळवलेल्या विषाणूने लागण होणाऱ्या माद्यांचं प्रमाण घसरतं, मोजणीत विषाणू भरपूर दिसला तरी.

पाळलेल्या डासाची ही गत, तर मोकळ्या डासाची वेगळीच. एडिस इजिप्ताय हा घरातला डास. तो खुंटीला टांगलेल्या कपड्यांमागे, खाटेखाली, कपाटाच्या पाठीमागच्या अंधारात बसतो. टॉर्च आणि शोषनळी घेऊन घरोघर जायचं, आणि दिवसाअखेर हाती काय येतं तर मूठभर डास. ते जिवंत आणायचे तर पिंजऱ्यावर ओला टॉवेल, साखरेचा बोळा आणि थर्माकोलची पेटी. जीप उन्हात उभी राहिली की दिवसभराची मेहनत तासाभरात करपून जाते.

मग थंड पाटीवर ठेवून ओळख. पाठीवर वीणेच्या आकाराच्या पांढऱ्या रेषा असतील तर इजिप्ताय, मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असेल तर एडिसचीच दुसरी जात, अल्बोपिक्टस. एका जातीच्या, एका गावच्या माद्या पंचवीस-पंचवीसच्या किंवा फार तर पन्नासच्या गटाने एका नळीत भरतात. याला पूल म्हणतात. पोटात ताजं रक्त असलेल्या माद्या मात्र वेगळ्या काढायच्या आणि रक्त जिरेपर्यंत एक-दोन दिवस जिवंत ठेवायच्या. तिच्या पोटातलं रक्त तापाच्या रुग्णाचं असेल तर विषाणू माणसाचा, डासाचा नव्हे. हा एक नियम पाळला नाही म्हणून भलत्याच जातीच्या डासाला वाहक ठरवलं जाऊ शकतं.

पूल द्रव नायट्रोजनमध्ये किंवा उणे 80 अंशांवर जातात. कोरड्या बर्फातून पाठवायचे असतील तर नळ्यांची झाकणं घट्ट हवीत. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. तो वायू सैल झाकणातून आत शिरला की द्रव आम्लधर्मी होतो आणि वाटेतच विषाणू मरतो. पेटी उघडताना सगळं टणक गोठलेलं दिसतं, नमुना उत्तम वाटतो आणि काहीच वाढत नाही.

एवढं करून आकडा काय येतो? समजा 25 चे 40 पूल, म्हणजे हजार माद्या, आणि त्यांतले 2 पूल पॉझिटिव्ह. एका पूलमागे लागण झालेली एकच मादी धरली तर हजारी दोन. साथीच्या गावातसुद्धा आकडा असा किरकोळच असतो, कारण विषाणू प्यायल्यापासून तो लाळेत उतरेपर्यंत डेंग्यूला साधारण 8 ते 12 दिवस लागतात आणि बहुतेक माद्या त्याआधीच मरतात. साथ चालवणाऱ्या असतात त्या थोड्याशा म्हाताऱ्या माद्या.

पुण्यात हे काम 1952 साली व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ते उभं केलं, आणि 1978 मध्ये त्याची राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. पुणेकर तिला एनआयव्ही म्हणतात. सुरुवातीच्या काळात विषाणू शोधायचं साधन होतं एक-दोन दिवसांचं उंदराचं पिल्लू. नमुना त्याच्या मेंदूत टोचायचा आणि दोन आठवडे बघत राहायचं: पीत नाही, लुळं पडलं, आईने बाजूला टाकलं. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा जंगली पीतज्वराची (यलो फीव्हर) शंका आली होती. निघाला एक नवाच विषाणू, आणि तो डासाचा नव्हे तर गोचिडीचा. तेव्हाही भिस्त पिल्लांवरच होती. म्हणजे विषाणूची प्रयोगशाळा चालवायची तर उंदरांची पैदासही चालवायची, आणि पिल्लांची तारीख नमुन्यांच्या तारखेशी जुळवायची. साथ काही त्यांच्या जन्माची वाट पाहत नाही.

यातून सुटका केली ती पुण्यातल्याच एका कीटकशास्त्रज्ञाने. के. आर. पी. सिंग यांनी 1967 साली एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ताय या दोन्ही डासांच्या नुकत्याच फुटलेल्या अळ्यांपासून बाटलीत वाढत राहणाऱ्या पेशी तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. हे ऐकायला सोपं वाटतं. डासाची अळी घाणेरड्या पाण्यात राहते, तिच्या आत-बाहेर जिवाणू आणि बुरशी असतात, आणि पेशी वाढवायच्या द्रवात त्यांतला एक जरी शिरला तरी दोन दिवसांत बाटली गढूळ होते. एडिसचं अंडं मात्र कठीण कवचाचं असल्याने बाहेरून निर्जंतुक करता येतं, मग ते निर्जंतुक पाण्यात फोडायचं आणि अळी घाण खायच्या आत वापरायची. पेशींचा द्रवही तयार मिळत नव्हता. सिंग यांनी वापरलेला द्रव मित्सुहाशी आणि मारामोरोश यांनी पिकांवरच्या तुडतुड्यांच्या पेशींसाठी बनवलेला होता. त्यात क्षार, ग्लुकोज, दुधाच्या प्रथिनाचं विघटन केलेलं मिश्रण आणि यीस्टचा अर्क असतो, वर गाईच्या गर्भाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव. अळ्यांच्या तुकड्यांतून पेशी बाहेर पडतात, तळाला चिकटतात, आणि मग बराच काळ काहीच घडत नाही. बहुतेक प्रयत्न इथेच संपतात. अर्धा द्रव बदलायचा, अर्धा जुना ठेवायचा, कारण पेशींनी सोडलेली द्रव्यंही त्यांना लागतात. सगळा द्रव एकदम बदलण्याचा उत्साह नडतो.

1978 मध्ये अकिरा इगाराशी यांनी सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींतून एकेक पेशी वेगळी वाढवून असा एक वंश निवडला, ज्यात डेंग्यू आणि चिकुनगुनिया जोमाने वाढतात. त्याचं नाव सी6/36. आज डेंग्यूचा विषाणू वाढवणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ही बाटली असते, आणि तिचं कूळ पुण्यातल्या अळ्यांपर्यंत जातं. पुण्यात हे फार लोकांना ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. या शहराला आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगायची एरवी भारी हौस.

या पेशी सांभाळायला तशा साध्या. 28 अंश, बंद झाकण, योग्य द्रव असेल तर कार्बन डायऑक्साइडची भट्टीही नको. आठवड्याला एकदा नव्या बाटल्यांत वाटून द्यायच्या. तळापासून ट्रिप्सिन या पाचक विकराने सोडवायची गरज नाही, बाटली तळहातावर आपटली किंवा तळ खरवडला की सुटतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींच्या सवयीने कुणी त्या 37 अंशांत ठेवल्या तर मात्र आठवड्याच्या आत हातच्या जातात.

त्यांची अडचण वेगळीच आहे. विषाणू आत वाढत असतो आणि पेशी मजेत असतात. माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो पेशींत चिकुनगुनिया टाकला तर दोन-तीन दिवसांत पेशी गोल होऊन तळ सोडतात, नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. सी6/36 मध्ये तो वाढूनही बाटली निरोगी दिसू शकते. डेंग्यूच्या काही जातींनी पेशी एकमेकींत विरघळून मोठे गोळे होतात, काहींनी काहीच होत नाही. म्हणून सातव्या दिवशी काही पेशी काचपट्टीवर घेऊन चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवाव्याच लागतात, आणि काही दिसलं नाही तरी तो द्रव नव्या बाटलीत घालून आणखी एक-दोन फेऱ्या बघाव्या लागतात. बाटली स्वच्छ दिसते म्हणून निगेटिव्ह लिहून टाकणं हा या कामातला सगळ्यात स्वस्त आळस.

सी6/36 इतक्या उदार का, याचं कारण 2010 च्या सुमारास उलगडलं. डासाच्या पेशीत शिरलेला विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, कापून टाकणारी एक कात्री असते, डायसर-2 नावाची. या पेशींत ती निकामी आहे. घरात कुत्रा नाही, म्हणून पाहुणे बिनधास्त येतात. याचा दुसरा अर्थ असा की या पेशींत विषाणू छान वाढला म्हणून तो डासातही तसाच वाढेल असं मानता येत नाही. आणि पाहुणे नकोसेही असतात: डासांच्या पेशींत मुळापासून राहणारे, माणसाला काही न करणारे विषाणू. 1975 मध्ये असाच एक विषाणू सापडला तो योगायोगाने. इजिप्तायच्या पेशींवरचा द्रव अल्बोपिक्टसच्या पेशींवर टाकला तर त्या एकमेकींत मिसळून जात होत्या. इजिप्तायच्या पेशी स्वतः ठणठणीत होत्या आणि आत डेंग्यूच्याच कुळातला, फक्त कीटकांत राहणारा विषाणू बाळगून होत्या. तेव्हापासून नुसत्या पेशींची, काहीही न टाकलेली बाटली शेजारी ठेवणं हे सोवळ्यासारखं पाळतात, आणि ते बरंच आहे.

डासांचीच पाळणूक सोडायची नसेल तर टॉक्सोऱ्हिंकायटिस आहे. आकाराने एडिसपेक्षा कितीतरी मोठा, रंगाने झगमगता, आणि त्याची मादी रक्त पीतच नाही. त्यामुळे निसटला तरी कुणाला चावत नाही. छातीत मायक्रोलिटरच्याही अंशाइतका नमुना बारीक काचेच्या सुईने टोचायचा, दहा-चौदा दिवसांनी डोकं काचपट्टीवर दाबून रंगवायचं. पेशींत न सापडलेला डेंग्यू इथे सापडतो. पण याच्या अळ्या दुसऱ्या डासांच्या अळ्या खातात आणि त्या मिळाल्या नाहीत तर एकमेकींना. प्रत्येक अळीला वेगळी वाटी आणि खायला एडिसच्या जिवंत अळ्या. म्हणजे एक डास पाळायला दुसरा डास पाळा.

या सगळ्या खटाटोपाचं मोल कधीकधी फार उशिरा कळतं. चिकुनगुनिया भारतात 1963 साली कोलकात्यात ओळखला गेला, 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला त्याची साथ आली, आणि मग तो दिसेनासा झाला. एनआयव्हीच्या संचालक राहिलेल्या डॉ. खोरशेद पावरी यांनी 1986 मध्ये त्याच्या या नाहीसं होण्याबद्दल लिहिलंही. 2005 च्या अखेरीस तो परतला आणि 2006 मध्ये देशभरात संशयित रुग्णांची संख्या 13 लाखांच्या पलीकडे गेली. जुन्या आणि नव्या विषाणूंचे जनुकीय क्रम शेजारी ठेवल्यावर दिसलं की 1963 ते 1973 चे सगळे नमुने आशियाई वंशाचे आणि नव्या साथीतले आफ्रिकी. मधल्या काळातला फक्त एक नमुना हाताशी होता: 2000 साली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतमध्ये पकडलेल्या एडिस इजिप्तायमधून मिळालेला. तो आफ्रिकी निघाला. साथीच्या पाच वर्षं आधीच हा वंश दौंड तालुक्यातल्या डासांत होता. ते डास कुणीतरी पकडले होते, जात ओळखून पूल केला होता, त्यातला विषाणू वाढवून जपून ठेवला होता. यातली एक पायरी चुकली असती तर विषाणू 2005 मध्येच देशात आला असं आपण आजही छातीठोकपणे सांगत असतो.

त्याच साथीत हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एक बदल दिसला. विषाणूच्या ई1 प्रथिनात 226 व्या जागी अलानिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन. संगणकावर हा एका अक्षराचा फरक. त्याचा अर्थ कळला तो डासांना विषाणू पाजल्यावर: हा विषाणू अल्बोपिक्टसमध्ये कितीतरी सहज रुजत होता. 2007 मध्ये हाच बदल केरळात सापडला, जिथे अल्बोपिक्टस भरपूर आहे. असं पाजलेल्या मादीची तपासणी तीन भागांत करतात. धड पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आतड्यात रुजला. पाय पॉझिटिव्ह म्हणजे आतड्याची भिंत ओलांडून शरीरभर पसरला. आणि लाळेसाठी पाय-पंख काढलेल्या मादीची सोंड तेल भरलेल्या केसासारख्या काचनळीत अर्धा तास घालून ठेवायची. लाळेत विषाणू आला तरच ती मादी रोग पसरवू शकते. धडात सापडला म्हणून वाहक जाहीर करणारे अहवाल अजूनही येतात, ते वाचताना पायांचं आणि लाळेचं काय झालं, हे आधी बघावं.

आता कुणी म्हणेल, पीसीआरने काही तासांत उत्तर मिळतं, मग हे सगळं कशाला? पीसीआर ज्याचे प्रायमर, म्हणजे त्या विषाणूच्या क्रमाशी जुळणारे छोटे तुकडे, टाकले तेवढंच शोधतो. शिवाय तापाच्या पाचव्या-सहाव्या दिवसानंतर रक्तात विषाणू बहुधा उरत नाही, प्रतिपिंडं उरतात, आणि डेंग्यू व झिकाची प्रतिपिंडं चाचणीत एकमेकांची नक्कल करतात. जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला. अशा गावात गेल्या महिन्यात कुणाकुणाला झिका होऊन गेला, हे ठरवायचं तर प्लाक न्यूट्रलायझेशन चाचणीला पर्याय नाही: रुग्णाचं सीरम पातळ करत जायचं, प्रत्येक पातळीत जिवंत विषाणू मिसळायचा, पेशींच्या थरावर ओतायचा, पाच-सात दिवसांनी रंग देऊन पडलेली भोकं मोजायची. डेंग्यूचे चारही प्रकार आणि झिका, प्रत्येकासाठी वेगळी थाळी. त्याला जिवंत विषाणू लागतो, तो वाढवायला पेशी लागतात, आणि त्या गावातल्या डासात तो रुजतो का हे बघायला त्या गावच्या डासांची वसाहत. सीक्वेन्सिंगचं, म्हणजे जनुकीय क्रम वाचण्याचं, यंत्र एका आर्थिक वर्षात घेता येतं. गावची अंडी आणून त्यांची तिसरी पिढी हाताशी यायला, सगळं सुरळीत चाललं तरी, दोन-अडीच महिने जातात. म्हणून ती पावसाळा तोंडावर आल्यावर नाही, फेब्रुवारी-मार्चमध्येच पाण्यात घालायला हवीत.